मुंगसानं अंडी का सोडली

माळाला अजून कुणी कुंपण घातलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या एका मुंगसानं एकाएकी मांस आणि अंडी सोडली आणि ते खाली पडलेली बोरं खाऊ लागलं.

त्याच्या आत्यानं कपाळ बडवून घेतलं. "मुंगसाच्या जातीत जन्मून बोरं चघळतोस? सोयरे तोंडात शेण घालतील आमच्या!"

"पोट बिघडलं असेल," ससा म्हणाला.

हरिणांना मात्र आनंद मावेना. त्यांनी सभा भरवली, रानफुलांचा हार केला आणि तो घालायला टिटवीला पुढे केलं. काळ्या खडकापाशी घातलेलं तिचं एकुलतं अंडं उन्हाळ्यात कुणीतरी खाल्लं होतं. म्हणून हा मान तिचा.

"पण बाबा, सोडलंस कशासाठी?" म्हाताऱ्या काळविटानं विचारलं. "पुण्यासाठी, की प्रकृतीसाठी?"

मुंगूस मान खाली घालून म्हणालं, "एक अंडं फोडायला घेतलं, तर आतून टकटक ऐकू आली. पिल्लू बाहेर यायला बघत होतं."

"आणि तू ते तसंच ठेवलंस!" हरिणं एकदम ओरडली.

"नाही. खाल्लं. भूक लागली होती. पण ती टकटक अजून थांबलेली नाही."



"कुठलं अंडं?" टिटवीनं विचारलं.

"काळ्या खडकापाशचं."

टिटवीच्या चोचीतून हार गळून पडला. मुंगसानं डोळे मिटून घेतले. ती त्याच्या अगदी जवळ आली आणि हळूच म्हणाली,

"टकटक जोरात होती का रे?"