कड्यावरचा मध

पूर्वी काशीच्या राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व रानातल्या एका कड्यावर मधमाश्यांचे नायक होऊन जन्मले होते. त्याच रानाच्या काठी कोंडक नावाचा मध काढणारा राहत असे. माणूस मोठा अधाशी! बाकीची मंडळी नुसता धूर करत आणि पिल्लांचा भाग माश्यांना ठेवत. हा मात्र पेटता पलिता लावून पिल्लांसकट पोळं जाळी. एकदा तोच पलिता त्याच्या हातावर पडला. करावं तसं भरावं, दुसरं काय!

जखम चिघळली. पू वाहू लागला, हात कोपरापर्यंत सुजला, अंगात ताप भरला. वैद्य कोंडकाच्या बायकोला म्हणाला, "सामा, कडुनिंबाच्या पाण्याने धुऊन पाहिलं, हळद लावून पाहिली. आता निर्भेळ मध हवा. नाही मिळाला तर हात जाईल, आणि मागोमाग माणूसही."

कोंडकाने सगळा मध विकून टाकला होता, घरात थेंब नव्हता. बिचारी सामा! पलिता न घेता ती कड्याशी गेली आणि पदर पसरून म्हणाली, "मायबापहो, माझ्या धन्याला वाचवा."

माश्या खवळल्या. एक तरणी माशी डंख उगारून पुढे झाली. "हिच्या नवऱ्याने माझी पिल्लं जाळली! मरू दे मेल्याला!"

"तुझं दुःख खोटं नाही, बाळ," बोधिसत्त्व म्हणाले. "पण तो मेला म्हणून तुझी पिल्लं परत येणार आहेत का?"

माशी रडू लागली. रडत रडतच ती बाजूला सरली, आणि तिच्यामागून सगळ्याच सरल्या. मग बोधिसत्त्व सामाला म्हणाले, "बाई, वरच्या अंगाला मध आहे, तो ने. खाली पिल्लं आहेत, तिथे हात लावू नकोस."

सामा रोज जखम धुऊन मधाची पट्टी बांधू लागली. हळूहळू पू आटला, दुर्गंधी गेली, कोवळं मांस भरून आलं. मध कुणी दिला हे कळलं तेव्हा कोंडक ढसाढसा रडला. पुढे त्याने एकही पोळं जाळलं नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, तिष्यक नावाच्या भिक्षूला सांगितली. त्याला सदा शिव्या देणारा एक भिक्षू अंगभर फोड येऊन पडला होता, आणि "मी का म्हणून त्याची सेवा करू?" असं तिष्यक म्हणाला होता.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा कोंडक म्हणजे हा आजारी भिक्षू. सामा म्हणजे त्याला पेज आणून देणारी उपासिका धम्मा. माश्यांचा नायक मी. आणि डंख उगारणारी ती माशी, तिष्यका, तूच होतास. रडत का होईना, त्या दिवशी तू बाजूला सरलास. क्षमा म्हणतात ती हीच."

तिष्यकाने कोमट पाणी घेतलं आणि तो त्या भिक्षूच्या कुटीकडे गेला.