संत्र्याच्या फोडींचं मँडोलिन

हिरव्यागार संत्र्यांच्या बागेला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिथे शेवंती आणि तिचे बाबा राहत. घरात फारसं काही नव्हतं. बाबांना तर दिसतही नसे, पण मँडोलिन हातात आलं की त्यांचा चेहरा कसा उजळून जाई! आठ तारांचं, जर्मन धाटणीचं ते वाद्य, पाठीला मोठ्या वाटीसारखं गोल. एके दिवशी ते पडलं आणि पाठीचे तुकडे तुकडे झाले. तेव्हापासून बाबा हसेनात, धड जेवेनात.

"नवी पाठ मी करते, बाबा," असं म्हणून शेवंती बागेत लाकूड शोधायला गेली.

तोच पांढऱ्याशुभ्र फुलांच्या घोसातून सोनेरी पंखांची चिमुकली परी भुर्रकन बाहेर आली. "तीन गोष्टी माग, बाळा. तयार वाद्य मात्र मागायचं नाही हं. ज्याला तुझे हात लागतील, तेच गाईल."

"मग लाकडाच्या पातळ पट्ट्या दे. आणि त्या चिकटवायला सरस."

चमचम चमचम! दोन्ही समोर हजर. शेवंतीने झोपडीजवळच्या झाडाखाली मातीचा गोल साचा केला, पट्ट्या गरम तव्यावर वाकवून त्यावर बसवल्या. पण छे! मध्ये फटी आणि टोकांना नुसती दाटी. पुन्हा बसवल्या, तरी तेच. आता शेवटची इच्छा मागावी म्हणून तिने तोंड उघडलं, एवढ्यात फांदीवरून खारीचं पिल्लू धप्पकन पडलं. बिचाऱ्याचा पाय मोडला.

शेवंतीला बाबांचा उदास चेहरा आठवला, डोळे भरून आले. तरी ती म्हणाली, "परीताई, याचा पाय बरा कर ना!"

पाय बरा झाला आणि इच्छा संपल्या. पिल्लू भुकेलं होतं. झाडांवर अजून नुसती फुलंच होती, म्हणून शेवंतीने आपल्याजवळचं एकुलतं एक संत्रं सोललं, एक फोड त्याच्यापुढे धरली आणि बघतच राहिली. फोड मध्ये रुंद, दोन्ही टोकांना निमुळती! म्हणून तर सगळ्या मिळून गोल होतात!

"अगं बाई, पट्ट्या अशा कापायच्या!"

"मी काही सांगितलं नाही हं," परी खुदकन हसली.

शेवंतीने पट्ट्या कापल्या, जोडल्या. सरस वाळल्यावर त्यावर जुनी पुढची फळी, दांडा आणि तारा चढवल्या. बाबांनी तार छेडली मात्र, परीचा सोनेरी उजेड झाला आणि पानापानांवर सांडून दिसेनासा झाला.

बाबांनी गोल पाठीवरून हात फिरवला, नाकाशी नेली.

"पोरी, याला संत्र्याचा वास येतोय गं!" ते हसले. "चल, जेवायला वाढ. भूक लागली."