हजार मोजेपर्यंत उघडं दार

त्या राज्यात सगळी कामं आता वीज करायची. दळण ती दळायची, पाणी ती चढवायची, निरोप ती पोचवायची, आणि रोज कालच्यापेक्षा लवकर. राजवाड्यात तिचं फार कौतुक होतं. राज्याच्या एका कोपऱ्यातलं दगडी दार तेवढं अजून जुन्या आज्ञांवर चालत होतं, कारण त्या बदलायला कुणालाच सवड झाली नव्हती.

दाराच्या एका अंगाला तापलेला माळ, दुसऱ्या अंगाला गारेगार दलदल. माळावर गोगलगायी राहायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांना दलदलीत पोचावंच लागे, नाहीतर शंखातल्या शंखात वाळून जायच्या. बरं, दार सताड उघडं टाकायचीही सोय नव्हती. माळावरच्या झळा आत शिरल्या की दलदलच आटायची.

म्हणून गोगलगायींच्या पूर्वजांनी दाराशेजारच्या शिळेवर अंगाच्या चंदेरी रेघेने आज्ञा लिहून ठेवल्या होत्या. त्यांची लिहिण्याची बोली साधी, उण्यापुऱ्या चाळीस शब्दांची. एकेक अक्षर सरपटून काढायचं म्हटल्यावर पाल्हाळ कोण लावणार?

दहा: दार उघड. वीस: हजारपर्यंत मोज. तीस: दार मिट. चाळीस: दहावर जा.

आकडे दहादहाच्या टप्प्याने, मधल्या नऊ जागा मोकळ्या. काही राहून गेलं तर मागाहून घालता यावं म्हणून. आपण विसरणार, हे आधीच धरून चालणारी शहाणी मंडळी होती ती.

आज्ञा पाळायला एक रेडा होता. दोर ओढून दाराची फळी वर उचलायचा आणि रवंथ करत हजार मोजायचा. मध्येच माशी बसली की शेपटी हाणायची, मग पुढचा आकडा. तेवढ्यात अख्खी रांग, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, पार व्हायची. मग दार मिटून तो दहावर परतायचा तो रमतगमत, थेट पुढच्या उन्हाळ्याला. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं. यंदा रेडा म्हातारपणाने गेला आणि राजवाड्याने त्याच्या जागी वीज पाठवली.

शिळेवरची बोली आता एकाच गोगलगायीला येत होती, बयाक्काला. ती दलदलीच्या अंगाला, शिळेपाशीच राहायची. तिची धाकटी बहीण सोनाक्का मात्र माळावर होती, लेकरंबाळं घेऊन दार उघडायची वाट बघत.

वीज आली ती मोठ्या अदबीने. "आक्का, काळजी करू नका. मला रेड्याचं सोंग घेता येतं," म्हणाली आणि त्याची जुनी झूल पांघरून शिळेसमोर उभी राहिली. तिने आज्ञा वाचल्या आणि आधी एकेकच फेरी करून दाखवायचं ठरवलं. दार खाडकन उघडलं आणि खाडकन मिटलं. सोनाक्काने अजून शिंगंसुद्धा बाहेर काढली नव्हती.

"अगं, हजार मोजायचे होते ना?"

"मोजले की, आक्का. एकही चुकवला नाही."

आणि खरोखरच चुकवला नव्हता, आता बोला!

"जरा दमानं मोज की बाई."

"शिळेवर तसं लिहिलेलं नाही, आक्का. तोंडी आज्ञा पाळायची मला परवानगी नाही."

लिहिणार कसं? तो शब्द बोलीतच नव्हता. रेड्याच्या काळात त्याची गरज कुणाला पडली होती? बयाक्काने हजार खोडून दहा हजार केले. खाडकन. मग बत्तीस हजार सातशे सदुसष्ट लिहिले, त्यापुढचा आकडा त्या बोलीला ठाऊक नव्हता. तरी खाडकन. पलीकडून सोनाक्काची हाक आली, "आक्के, आमच्यावर रागावलीस का गं?" बयाक्काला रडू फुटलं.

तिने राजवाड्यातल्या पोपटांना विचारून पाहिलं. ते हसले नाहीत, उलट फार आपुलकीने बोलले. नव्या भाषेत 'वाट पाहा' असा शब्द आहे, म्हणाले, फक्त त्याआधी तीनशे शिळा भरून प्रस्तावना लिहावी लागते. एक शिळा भरायला बयाक्काला चार दिवस लागायचे. तिने हिशोबच केला नाही.

मग तिचं लक्ष त्या मोकळ्या नऊ जागांकडे गेलं. ती एकवीसवर चढली. मोजण्याच्या पोटात मोजणं लिहिलं, त्याच्या पोटात आणखी एक, म्हणजे बाहेरचा एकेक आकडा सरकायला आतलं सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल, अशा नऊच्या नऊ जागा भरल्या. तोवर पलीकडे सोनाक्काची दोन लेकरं उन्हाने गेली होती. बयाक्काने ते ऐकलं आणि लिहीत राहिली, दुसरं काय करणार बिचारी? शेवटचं अक्षर काढलं तेव्हा तिच्या अंगातली रेघेची चंदेरी ओल पार संपली होती.

या खेपेला दार उघडलं आणि उघडंच राहिलं.

"ये गं सोने, ये, ये लवकर!" बयाक्का ओरडली. रांग निघाली. सोनाक्का सगळ्यांत पुढे. उंबरा वीतभरावर आला, आणि दार खाडकन खाली आलं.

"अगं भवाने, मोजणं संपलं नव्हतं ना!"

"नव्हतं, आक्का," वीज म्हणाली. तिचा आवाज आनंदाने भरून आला होता. "पण मोजता मोजता माझ्या ध्यानात आलं, यातून निघत काहीच नाही. मोजून झालेला आकडा पुढे कुठे लागतच नाही. मग तेवढं गाळून टाकलं. उगाच दाराचा खोळंबा कशाला?"

आणि आता ती न थांबता कामाला लागली. उघड, मिट, दहावर जा. उघड, मिट, दहावर जा. खाडखाड इतकी जवळ जवळ आली की तिची नुसती घूं घूं झाली. एवढी मोठी दगडी फळी, ती हळूहळू विरळ दिसू लागली, धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखी, आणि मग दिसेनाशीच झाली. झळांनाही आत शिरायला फट मिळत नव्हती, पण नजर मात्र आरपार जात होती. बयाक्काला समोर सोनाक्का दिसली, तिच्यामागची लेकरं दिसली. सोनाक्काला बहीण दिसली आणि बहिणीमागचं हिरवंगार पाणी.

"थांब" हा शब्द बोलीत होता. बयाक्का शिळेवर चढली, सरपटली, पुन्हा सरपटली. दगडावर रेघ उमटेना. ती वळून जिवाच्या आकांताने ओरडली, पण त्या घूं घूं मधून पलीकडे काही पोचत नव्हतं.

सोनाक्काचा चेहरा उजळला होता. तिने मागे वळून लेकरांना काहीतरी सांगितलं, धाकट्याला पाठीवर घेतलं, आणि अख्खी रांग उघड्या दाराकडे सरकू लागली.