मुका एल

रत्नागिरीच्या एका मासळी निर्यात कंपनीत वत्सला भाटकर बारा वर्षं मासे निवडत होती. परदेशी ग्राहकांशी बोलण्यासाठी माणूस हवा होता, तेव्हा मोबाइलवर इंग्रजी शिकलेल्या वत्सलानेही अर्ज केला. मुलाखतीला मॅनेजर धारपसाहेब होते आणि तपासणी विभागाच्या नाडकर्णीबाई. पण साहेब बाईंना एकही प्रश्न विचारू देईनात.

इंग्रजीत बोलता बोलता वत्सला रावसाला ‘साल्मन’ म्हणाली आणि साहेब हसले. “अहो, ‘सॅमन’ म्हणतात. त्यातला एल नुसता लिहायचा, बोलायचा नाही. एवढंही ठाऊक नाही?”

वत्सलाचे कान तापले, पण आवाज शांत राहिला. “चुकलं साहेब, आता लक्षात ठेवीन. आमच्या मराठीत ओळीत बसवलेल्या प्रत्येकाला बोलू देतात. नुसतं बसवून गप्प ठेवायची रीत मला ठाऊक नव्हती.”

नाडकर्णीबाईंनी हसू आवरत खुर्ची पुढे ओढली. “मग आता मी विचारते. शिळा मासा कसा ओळखाल, ते इंग्रजीत सांगा.”

डोळ्यांपासून कल्ल्यांपर्यंत वत्सलाने सगळं न अडखळता सांगितलं. साहेबांनी मध्ये तोंड घातलं नाही. जागा तिलाच मिळाली.