तांबटिणीच्या सुराची कहाणी

ऐक नादमाये, तुझी कहाणी. आटपाट नगरात एक तांबटआळी होती. दिवस उगवला की हातोड्या सुरू, दिवस मावळला की बंद. दिवसभर नुसती ठणठण. पाहुणा आला तर हातवाऱ्यांनी विचारपूस करायची, नवी सून आली तर वर्षभर तिचा आवाज कुणाला कळायचा नाही. त्या आळीत नारबा तांबट राहत होता. जन्मभर हंडे ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते. त्याची बायको द्वारका. तिला सुराचं भारी वेड. माहेरची वीणा तिनं लग्नात बरोबर आणली, खुंटीला टांगली. मग काय झालं? पोरंबाळं झाली, वीणा राहिली. सासू अंथरुणाला खिळली, वीणा राहिली. घरचा पसारा वाढला, वीणा राहिली. पुढं सून आली, तिनं चूल हाती घेतली. द्वारकेचे हात मोकळे झाले, पण तोवर बोटं वळेनाशी झाली होती, सांधे ठणकत होते. तिनं वीणा खाली काढली, पदरानं पुसली, तार छेडली. भांड्यावर खडा पडावा तसा आवाज आला. तिला रडू फुटलं. म्हणाली, "डोळे मिटायच्या आत माझ्या हातून एक तरी गाणं वाजेल का गं बाई?"

नारबानं विचारलं, "अगं, रडतेस कशाला?" तिनं कानाशी ओरडून सांगितलं. नारबा म्हणाला, "मग वाजव की! तुला नावं ठेवणारं या घरात आहे कोण? मला तर ऐकूच येत नाही." द्वारका रडता रडता हसली, पण मनातली हुरहूर काही जाईना.

मग दसरा आला. दसऱ्याला तांबट हत्यारं पुजतात, हातोडीला हात लावत नाहीत. सगळी आळी गप्प झाली. त्या शांततेत द्वारकेला लांबून काहीतरी ऐकू आलं. ती उठली, आळी ओलांडली, वेस ओलांडली, तळ्याशी आली. पाहते तो काय! काठावर सात देवकन्या बसल्या आहेत, सातजणींच्या मांडीवर सात वीणा. एकीनं तार छेडली, तळ्याचं पाणी थरारलं. दुसरीनं छेडली, मिटलेली कमळं उमलली. तिसरीनं छेडली, उडती पाखरं आभाळात जागच्या जागी थांबली. द्वारकेच्या अंगावर सरसरून काटा आला. हात आपोआप जोडले गेले, गुडघे आपोआप टेकले.

मग तिनं भीत भीत विचारलं, "बायांनो, हे काय करता?" "सुराचा वसा वसतो." "तो वसा मला द्याल का?" "तुला कशाला हवा? तू वाढवशील, मिरवशील, मध्येच टाकून देशील." द्वारका म्हणाली, "वाढवणार नाही, मिरवणार नाही, मध्येच टाकणार नाही." मग थोरली देवकन्या म्हणाली, "ऐक तर. दर दसऱ्याला इथं यावं, ओंजळीत पाणी घ्यावं. वर्षभर काय वाजवायचं ते तोंडानं बोलावं. पाणी गळून जायच्या आत जेवढं बोलून होईल, तेवढाच आपला नेम. रोज तेवढंच वाजवावं, कान देऊन ऐकावं. वसा पुरा झाला की उद्यापन करावं. उद्यापनाला राजा नको, सभा नको. ज्याच्याबरोबर जन्म काढला, त्याला ऐकवावं."

द्वारकेनं ओंजळ भरली. म्हणाली, "मला सगळे राग यावेत, सगळे ताल यावेत, सकाळची गाणी यावीत, सांजेची गाणी..." पाणी गळून गेलं. तिनं पुन्हा ओंजळ भरली. "पाटलिणीच्या सुनेपेक्षा सरस वाजवावं, जोश्याच्या लेकीपेक्षा सरस..." पाणी गळून गेलं. तिसऱ्यानं ओंजळ भरली. आता मात्र तिला काही सुचेना. हळूच म्हणाली, "माझा सा लागावा." पाणी ओंजळीत तसंच होतं.

मग द्वारका घरी आली. रोज दुपारी वीणा घेऊन बसे, एक सा लावी. सून वैतागली, म्हणाली, "आत्याबाई, पुढचं कधी?" द्वारका म्हणे, "याचंच काही कळलं नाही अजून." चैत्र सरला, आषाढ सरला, आणि एके दुपारी सगळ्या ठणठणाटातून तिचा सा सरळ वर निघाला. एवढीशी तार, आणि त्यात केवढी जागा! द्वारका किती तरी वेळ बोट न हलवता बसून राहिली.

पुढं गावभर झालं. शेजारणी आल्या, वाहवा केली. राणीच्या कानावर गेलं, तिनं पालखी पाठवली. म्हणाली, "म्हातारबाई, उत्सवाला वाजवा." द्वारका हुरळली. राणी म्हणाली, "दोन गाणी येतील?" ती म्हणाली, "दहा येतील." दसरा आला, ती तळ्याकडे फिरकली नाही. सा सोडला, नेम सोडला, घाईघाईनं गाणी बोटांत कोंबली. उत्सवाच्या दिवशी भरल्या सभेत बसली. बोटं पळाली, माना डोलल्या, राणीनं तिला शाल पांघरवली. पण द्वारका पांढरीफटक पडली होती. तिला स्वतःची वीणा ऐकूच आली नव्हती! तार हलताना दिसत होती, लोकांच्या टाळ्या ऐकू येत होत्या, पाखरं ऐकू येत होती, पण आपला एकही सूर नाही.

ती तशीच उठली, तळ्याकडे धावली. पाण्यात उभी राहिली, तोंडात मारून घेतलं. "मी वाढवलं, मी मिरवलं, मी टाकून दिलं. आई, माझं काय ते चुकलं." थोरली देवकन्या प्रगट झाली. म्हणाली, "बाई, सूर कुठं गेला नाही. तू लोकांचे चेहरे बघत बसलीस, त्याला ऐकायची राहिलीस. जा, पहिल्यापासून लाग."

मग द्वारका पहिल्यापासून लागली. सा परत आला. पुढल्या दसऱ्याला रे मागितला, रे आला. मग गंधार आला. मध्यम मागितला, वीणेच्या त्या पडद्यावर बोट काही ठरेना. वर्ष वाया गेलं. मग पंचम आला, धैवत आला. निषादाच्या वेळी मात्र हातच आखडला. वैद्यानं पाहिलं, मान हलवली. म्हणाला, "आजी, आता फार दिवस वाजवणं होणार नाही."

दसऱ्याला द्वारका तळ्याशी जाऊन रडली. "आई, सात सूर व्हायचे होते, पाचच झाले. वसा अर्धा राहिला. आणि ऐकवायचं ज्याला, त्याला तर कान नाहीत." देवकन्या हसली. "वेडे, तुझ्या या पाच सुरांचा भूप होतो. पुरा राग आहे तो, त्यात काही उणं नाही. जा, उद्यापन कर. ज्याला ऐकवायचं, त्यालाच ऐकव."

द्वारका घरी आली. आळी गप्प होती. हत्यारांवर फुलं वाहिली होती, भिंतीशी नवे हंडे, कळश्या, घंगाळं मांडली होती. नारबा एका हंड्यावर हात टेकून बसला होता. द्वारकेनं देवाला नमस्कार केला, नवऱ्याला नमस्कार केला, वीणा मांडीवर घेतली. सा लावला. रे लावला. गंधार, पंचम, धैवत. मग वरून खाली, मग खालून वर, पाच सूर एकमेकांत मिसळत गेले. आणि काय झालं! कोपऱ्यातली कळशी घुमली. मग घंगाळं घुमली. मग हंडे घुमले. सगळं घर एका सुरात घुमू लागलं. सून दारात हात जोडून उभी राहिली.

नारबा दचकला. हंड्यावरचा हात त्यानं उचलला, पुन्हा टेकला. दोन्ही हात टेकले. मग लहान मुलासारखा गाल टेकला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. म्हणाला, "अगं, ही तू?"

द्वारकेनं मान डोलावली.

"थांबू नकोस," नारबा म्हणाला. "माझ्या हाताला सगळं ऐकू येतंय."

जसा द्वारकेला नादमाई प्रसन्न झाली, तशी तुम्हां आम्हां होवो. उशिरा बसलेल्याला सूर मिळो, थकल्या हाताला बळ मिळो, ज्याला ऐकवायचं त्याच्यापर्यंत ते पोचो. ही साता सुरांची कहाणी पांचा सुरीं सुफळ, पांचा सुरीं संपूर्ण.