तिसऱ्या दिवसाची तहान

“आणि हे कधीपासून चाललंय?”

सोमगिरी महाराजांनी आवाज चढवला नव्हता. महाराजांच्या मांडीवर ते पुस्तक होतं. सकाळी तर त्र्यंबकने ते आपल्या चटईखाली नीट सरकवून ठेवलं होतं.

“पंधरा... पंधरा दिवस झाले, महाराज.”

गिरणाकाठच्या या मठात तापाचे रोगी येत आणि महाराज त्यांना औषध देत. शिष्यांनी मात्र रोग्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. आधी निदानाचा ग्रंथ तोंडपाठ करायचा आणि पौषी पौर्णिमेला महाराजांसमोर म्हणायचा. जो तीनदा अडखळेल, त्याने वळकटी बांधून घरची वाट धरायची.

त्र्यंबक तीन पिढ्यांच्या वैद्यांच्या घरातला. दुसरं कुणी अडखळलं की गालातल्या गालात हसणारा. पौर्णिमा चार दिवसांवर आलेली, आणि हा शहाणा बसला होता गोष्टीचं पुस्तक वाचत! तेही कुणा यात्रेकरूने मठात विसरलेलं.

आता महाराज हाकलणार. वडिलांना कोणतं तोंड दाखवायचं?

“काय आहे यात?”

“एका तांडेलाची गोष्ट... समुद्रावर गलबत हाकणाऱ्याची.”

“पाठ सोडून वाचावी अशी?”

काय वाटलं कोण जाणे, त्र्यंबक खरं ते बोलून गेला.

“वादळात त्याचं गलबत फुटतं, महाराज. तो स्वतःला एका फळीला बांधून घेतो. प्यायला थेंब नाही. तिसऱ्या दिवशी जीभ खरखरीत होते. मेलेल्या बायकोला हाका मारायला लागतो. हात नुसते दोर चाचपत राहतात, आणि दोर तर केव्हाच...”

आपण कुणासमोर बसलोय, याचंही त्याला भान राहिलं नाही.

“मग?”

“तो जगतो की नाही, तेच कळेना. राहवेना, महाराज. म्हणून वाचत गेलो.”

बाहेर पडवीत, परवा तापाने फणफणत आलेला धनगर कण्हत होता.

महाराजांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

“पौर्णिमेची वाट कशाला बघायची? आत्ताच म्हण. सन्निपाताच्या तापाची लक्षणं.”

त्र्यंबकचं धाबं दणाणलं. गोष्टीच्या नादात सगळं पुसून तर गेलं नसेल? त्याने डोळे गच्च मिटले आणि एका दमात सुरुवात केली.

“तिसऱ्या दिवशी तहान वाढते. जीभ खरखरीत होते. रोगी असंबद्ध बोलतो, गेलेल्यांना हाका मारतो. हातांनी अंथरूण चाचपतो. नाडी बोटांखालून निसटते...”

एकदाही अडखळला नाही. सुटलो, असं मनाशी म्हणत त्याने डोळे उघडले. मान आपोआप ताठ झाली होती.

महाराज पुढे झुकले होते, गोष्ट ऐकणारं पोर झुकतं तसे. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. इतक्या वर्षांत त्र्यंबकने ती कधी पाहिली नव्हती.

“मग?”

“मग...” त्र्यंबक गोंधळला. “मग पुढचा अध्याय अतिसाराचा आहे, महाराज.”



पडवीतला धनगर कुणा ठकूला हाका मारत होता. मठात ठकू नावाचं कुणीच नव्हतं.

त्र्यंबकच्या अंगावर सरसरून काटा आला.

“आणि तो रोगी?” महाराजांनी हळूच विचारलं. “तो जगला का?”