बिनदाखल्याची कोण?

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला शहाणा म्हणेन.

एका गावात एक भोळा सुभाना होता. त्याच्याकडे एक जुनी मोटार होती आणि एक गाभण म्हैस होती. गोठा मात्र एकच. मोटार गोठ्यात सावलीला, म्हैस दारात उन्हाला.

बायको ठकूबाई म्हणाली, "अवो, म्हैस आठ दिवसांत व्यायची. त्याआधी ते डबडं विका. रेडकू उन्हात झालं तर मी माहेरी जाईन. म्हशीला घेऊन."

सुभाना घाबरला. म्हशीविना राहायचं कसं?

तो हणमा मेस्त्रीकडे गेला. "दुरुस्त करून विकू, का तशीच?"

मेस्त्री पान चघळत म्हणाला, "तुझी गाडी? हात लावू नको. आहे तशी वीक."

घरी येऊन बघतो तर मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. सुभानानं हात लावला नाही. दुपारी पोस्टमन घाडगे गाडी बघायला आले. दार उघडायला गेले.

"अंहं. हात लावायचा नाही."

"मग बघू कशी?"

"लांबून."

घाडगे लांबच गेले.

ठकूबाई म्हणाली, "अवो, दारात माणूस आलं की त्याला वर बसवावं. एक चक्कर मारून आणावी. तेव्हा त्याला कळतं, काय आहे ते."

"असं होय. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी जनावरांचा डॉक्टर आला. म्हशीचा विमा उतरवायचा होता, त्याला दाखला लागतो. सुभानानं डॉक्टरला उचललं, म्हशीवर बसवलं आणि शेपटी पिळली. म्हैस सावकाश ओढ्यावर गेली आणि पाण्यात बसली. डॉक्टरही बसला. दाखल्याचं राहूनच गेलं.

ठकूबाई म्हणाली, "अवो, तो तपासायला आला होता. तोंड उघडून दात बघतात, पाय दाबतात. तपासल्याबिगर कुणाचा भरवसा धरायचा नसतो."

"असं होय. आता तसंच करतो."

तिसऱ्या दिवशी पोल्ट्रीवाले मोहिते गाडी बघायला आले. सुभानानं त्यांचा जबडा धरला. "आ करा." मग खाली बसून पाय दाबले. "वरचे चार दात गेलेत. डावा गुडघा करकरतोय. तुमचा काय भरवसा, शेट?"

मोहिते गेले. गुडघा करकरत होता, पण पळाले चांगले.

ठकूबाई मटकन खाली बसली. "अवो, गाडी तपासायची, गाडी. तालुक्याला न्या. ते सांगतील ते दुरुस्त करा आणि दाखला आणा. दाखला असला की वस्तू भरवशाची. बिनदाखल्याचं काय खरं?"

सुभाना तालुक्याला गेला. ब्रेक बदलले, दिवे बदलले, टायर बदलले. कोंबडी उतरवली. तपासणाऱ्यानं सगळीकडून बघितलं आणि शिक्का मारून दाखला दिला. सुभाना तो छातीशी धरून घरी आला.

बाजारचा दिवस होता. ठकूबाई पिशवी घेऊन निघाली. "घाडगे पुन्हा येणार आहेत. मी येईस्तोवर गोठ्याचं भांडण मिटवा. दोघींतली एकच मला इथं दिसली पाहिजे. आता काही शिकवायचं राहिलं नाही तुम्हाला."

"काही नाही," सुभाना म्हणाला.

संध्याकाळी ठकूबाई आली. दार मोकळं. खुंटी मोकळी. म्हैस एकदाची गोठ्यात गेली म्हणून तिला बरं वाटलं.

"दिली का? घाडगे काय म्हणाले?"

"दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं नक्की. मग घाईघाईनं घेऊन गेले."

ठकूबाई पेंडीची पाटी घेऊन गोठ्यात शिरली. आत मोटार उभी. पुढ्यात हिरवा चारा, काचेवर दाखला.

"म्हैस कुठाय?"

"तूच सांगितलंस ना, बिनदाखल्याचं काय खरं? दोघींत दाखला हिच्याकडेच होता. बिनदाखल्याची दिली."

ठकूबाईनं पाटी तिथंच ठेवली, पदर खोचला आणि माहेरची वाट धरली.

मागून सुभाना हाका मारतोय, "अगं थांब, चालत कशाला जातेस? सोडतो की. दाखला आहे."

झालं. दात काय काढतोस? ऊठ, चालू पड आता.